चिखलापलीकडचा धक्का

मुंबई बंदराचा इतिहास सांगणारा माणूस कापसापासून सुरुवात करतो, प्रिन्सेस, व्हिक्टोरिया आणि अलेक्झांड्रा या तीन गोद्यांवर रमतो, १९४४च्या स्फोटापाशी थबकतो आणि न्हावा-शेवाचे बंदर सुरू झाले की आवरते घेतो. असा शिरस्ताच पडला आहे. त्यात तेलाच्या वाट्याला फार तर एखादा परिच्छेद येतो. वास्तविक गेली कित्येक वर्षे या बंदरातल्या मालाच्या चढ-उतारीत निम्म्याहून अधिक वाटा खनिज तेल आणि तेलपदार्थांचा आहे. कापसाचे दिवस सरले, कंटेनर खाडीपलीकडे गेले. बंदराला तगवले ते तेलाने. पण ते दिसत नाही. त्याच्या गोण्या रचलेल्या नसतात, त्याला हमाल लागत नाहीत, त्याच्या ट्रकांची रांग फाटकाबाहेर उभी राहत नाही. समुद्राच्या तळाखालच्या नळांतून ते येते आणि जाते. म्हणून या लेखात गोद्यांना रजा देऊन फक्त तेलाचा माग काढला आहे.

बंदराचे विश्वस्त मंडळ २६ जून १८७३ रोजी कामाला लागले. १८६९मध्ये सुवेझचा कालवा उघडला होता, आगबोटींची ये-जा वाढत होती आणि किनाऱ्याचा मोक्याचा भाग एल्फिन्स्टन कंपनीच्या हाती असल्याने धक्क्यांचे दर ती ठरवत होती. सरकारने कंपनीची मालमत्ता विकत घेतली आणि ती सांभाळायला मंडळ नेमले. त्या मंडळाच्या दृष्टीने तेल म्हणजे रॉकेलचे डबे. अमेरिकेतून आणि कॉकेशसमधल्या बातुमीहून ते लाकडी खोक्यांत येई; एका खोक्यात दोन डबे, डब्यात चार गॅलन, म्हणजे अठरा लिटर. डबे गळत, खोकी तेलाने चिंब होत, आणि कापसाच्या गाठींशेजारी असला माल उतरवणे हा जिवाशी खेळ होता. रिकाम्या डब्यांना मात्र मोठी मागणी होती. पाणी भरायला, धान्य साठवायला आणि कापून सपाट केल्यावर झोपडीवर पत्रा म्हणून घालायला निम्म्या शहराने ते वापरले.

१८९२मध्ये ‘म्युरेक्स’ नावाचे जहाज बातुमीचे रॉकेल पोटातल्या टाक्यांत भरून सुवेझमधून पूर्वेकडे गेले. कालव्यातून असा सुटा तेलसाठा नेण्याची परवानगी प्रथमच मिळाली होती. त्या फेरीत ते मुंबईला आले नाही, सिंगापूर आणि बँकॉकला गेले. पण पूर्वेकडच्या सगळ्या बंदरांचा हिशेब त्याने बदलला. आता डब्यांना जागा देऊन भागणार नव्हते. किनाऱ्यावर टाक्या हव्यात, टाक्यांपर्यंत नळ हवेत, आणि हे सगळे वस्तीपासून लांब हवे. मुंबईत ती जागा म्हणजे शिवडी. तेव्हा ती शहराच्या वेशीवर होती. तेल कंपन्यांच्या टाक्या तिथे उभ्या राहिल्या, पुढे वडाळ्याकडे पसरल्या, आणि १९१५मध्ये बंदराची स्वतःची रेल्वे सुरू झाल्यावर तेलाचे वाघिणींतून देशभर जाणे सोपे झाले. शहर वाढत वाढत टाक्यांना येऊन भिडेल, हे त्या काळात कोणाच्या गावीही नव्हते.

पुढची पन्नास वर्षे थोडक्यात सांगता येतील. रंगूनजवळच्या सिरियमच्या शुद्धीकरण कारखान्यातून बर्मा ऑइलचा माल येत राहिला. १९२८मध्ये बर्मा-शेल ही वितरण कंपनी निघाली. मोटारी वाढल्या, पेट्रोल आले, ट्रॉम्बेच्या टोकाला पीर पाव येथे तेलासाठी जेटी झाली. १९४२मध्ये ब्रह्मदेश जपान्यांच्या हाती पडल्यावर ती वाट तुटली आणि सगळी भिस्त इराणी आखातावर, मुख्यतः अबादानच्या कारखान्यावर आली. तयार पेट्रोल, तयार डिझेल, तयार रॉकेल जहाजातून उतरवायचे आणि टाक्यांत भरायचे, एवढेच या बंदराचे काम होते.

स्फोटाबद्दल लिहायचे नाही असे ठरवले होते, पण तो पूर्णपणे टाळता येत नाही. १४ एप्रिल १९४४ रोजी व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकिन’ जहाज फुटले. स्फोटके, कापूस आणि वंगणतेलाची पिंपे एकाच जहाजात भरली होती. ६६ अग्निशामक जवान कामावर असताना मेले, सामान्य माणसे किती गेली याचे आकडे अजून जुळत नाहीत. त्यानंतर सातच वर्षांनी, लाखो टन कच्चे तेल मुंबईत कुठे उतरवायचे हा प्रश्न उभा राहिला, तेव्हा निर्णय घेणाऱ्यांच्या डोक्यात ती दुपार नसेल असे मानणे मला जड जाते.

प्रश्न उभा राहिला तो इराणमुळे. १९५१मध्ये इराणने तेल उद्योगाचे राष्ट्रीयीकरण केले, ब्रिटिशांशी वाद पेटला आणि अबादानचा प्रचंड कारखाना थंडावला. स्वतंत्र भारताला चार वर्षे झाली होती आणि देशातले बहुतेक तेल परदेशातून शुद्ध होऊन येत होते. स्वतःचे शुद्धीकरण कारखाने हवेत ही चर्चा आधीपासून होतीच. अबादानने ती टेबलावरून उचलून सहीपर्यंत नेली. १९५१च्या अखेरीस केंद्र सरकारने स्टँडर्ड-व्हॅक्यूम आणि बर्मा-शेल या दोन्ही कंपन्यांशी करार केले. पंचवीस वर्षे राष्ट्रीयीकरण करणार नाही, अशी हमीही त्यांना दिली. दोन्ही कारखान्यांची जागा ठरली ट्रॉम्बे. पहिला १९५४मध्ये सुरू झाला, दुसरा १९५५मध्ये. हमीची मुदत पुरी होईपर्यंत दोन्ही विदेशी राहिले नाहीत, हे ओघाने आले म्हणून सांगतो : १९७४मध्ये एकाचे हिंदुस्थान पेट्रोलियम झाले, १९७६मध्ये दुसरा सरकारने घेतला आणि पुढे त्याचे भारत पेट्रोलियम झाले.

कारखाने ट्रॉम्बेला, पण ट्रॉम्बेचा किनारा म्हणजे नुसता चिखल. तिवरांची झाडी, तिच्यापुढे ओहोटीला मैलभर उघडी पडणारी गाळाची सपाटी आणि मग उथळ खाडी. तिथे मचवा लागतो, तेलवाहू जहाज नाही. ठाण्याची आणि पनवेलची खाडी दरवर्षी गाळ आणून ओतते. आज उपसलेले पुढच्या पावसाळ्यानंतर पुन्हा उपसावे लागते. गोद्यांमध्ये जहाजे आणता आली असती, पण गोदी म्हणजे शहराचा उंबरठा, आणि कच्च्या तेलाचे जहाज तिथे आणण्याची हिंमत कोणी केली नसती. राहिले बंदराच्या मधोमध असलेले बुचर बेट. घारापुरीच्या पश्चिमेला, गेटवेपासून आठ-एक किलोमीटरवर, मध्ये एक टेकाड आणि भोवती झाडी. वस्तीपासून लांब, जहाजांच्या खोल वाटेला जवळ, आणि तिथून ट्रॉम्बेपर्यंत समुद्राच्या तळाखालून नळ टाकणे शक्य. बेटाचे नाव पुढे जवाहर द्वीप झाले. जुनी माणसे अजून ‘बुचर’च म्हणतात.

१९५०च्या दशकाच्या मध्यावर तिथे तीन धक्के तयार झाले. धक्का म्हटल्यावर गोदीची दगडी भिंत डोळ्यांपुढे येते, तसे हे नव्हते. बेटापासून पाण्यात पुढे गेलेला एक सांगाडा, त्याच्या टोकाला जहाजाशी नळ जोडण्याची फळी आणि दोन्ही बाजूंना दोर बांधायचे सुटे खांब. जहाजाचा बहुतेक भाग मोकळ्या पाण्यासमोरच असतो. घारापुरीला जाणाऱ्या लाँचमधून डाव्या हाताला हे सगळे दिसते. पर्यटक लेण्यांसाठी कॅमेरे सज्ज करत असतात. टाक्यांचे फोटो काढायला मनाई आहे आणि फारसे कोणाला काढायचेही नसतात.

इथल्या कामाची खरी नाडी म्हणजे भरती-ओहोटी. मुंबईत उधाणाला पाणी चार-पाच मीटर वरखाली होते, भांगाला त्याहून बरेच कमी. भरलेले जहाज चढत्या पाण्यावर आत घ्यायचे. पायलट बाहेर नांगर टाकण्याच्या जागी जहाजावर चढतो, टग बरोबर घेतो आणि पाणी उतरू लागण्याआधी जहाज धक्क्याला लावतो. धक्क्यासमोरचा खड्डा वाटेपेक्षा खोल खणलेला असतो, म्हणजे ओहोटीला जहाजाचा तळ चिखलाला टेकत नाही. पंप सुरू झाले की एकाच वेळी दोन गोष्टी घडतात : पाणी उतरते तसे जहाज खाली जाते, आणि तेल उतरते तसे ते वर येते. मोठे जहाज एक सेंटिमीटर वर यायला नव्वद-शंभर टन तेल कमी व्हावे लागते. या दोन हालचालींचा मेळ दोरांवरच्या माणसांनी घालायचा. दोर ढिला राहिला तर जहाज धक्क्यापासून सुटून नळ ओढते, जास्त ताणला तर तुटतो. आणि ताणाखाली तुटलेला दोर माणसाचा पाय घेऊन जातो. रात्रपाळीत झोप लागू नये म्हणून जे काही करायचे ते करावे, पण बिडी पेटवून चालत नाही. काडेपेटी आणि लायटर आत नेताच येत नाहीत, अवजारे ठिणगी न पाडणाऱ्या पितळी-ब्राँझ धातूची, आणि नळ जोडण्याआधी स्थिर विजेचा बंदोबस्त.

मोजमापाची गोष्ट निराळी सांगावी लागेल, कारण बाहेरच्यांना तिची कल्पना नसते. तेल विकले जाते घनफळाने आणि वजनाने, आणि दोन्ही ठरते टाकीतल्या पातळीवरून. टाकीच्या माथ्यावरच्या झाकणातून पितळी वजन लावलेली पोलादी फीत आत सोडायची, ती कुठपर्यंत ओली झाली ते पाहायचे. तळाशी पाणी किती साठले ते कळावे म्हणून टोकाला रंग बदलणारा मलम लावायचा. मग तेलाचे तापमान घ्यायचे. साठ मीटर व्यासाच्या टाकीत एक मिलिमीटर चुकला तर अठ्ठावीसशे लिटरची तफावत पडते. तीस हजार घनमीटर डिझेलच्या टाकीत तापमान एका अंशाने चुकीचे लिहिले गेले, तर फरक वीस हजार लिटरच्या वर जातो. म्हणून टाकीवर जहाजाचा अधिकारी, कंपनीचा माणूस, सर्वेक्षक आणि कस्टम्सचा माणूस असे सगळे एकत्र चढतात, आणि भर उन्हात पत्र्यावर उभे राहून एकमेकांचे आकडे तपासतात. पातळी मोजणाऱ्या चांगल्या गेजरचा हात या बंदरात नावाजला जाई. आता रडारने पातळी मोजणारी यंत्रे आली, पण वाद झाला की अजूनही फीतच बाहेर निघते.

१९७४च्या फेब्रुवारीत ‘सागर सम्राट’ला मुंबईच्या पश्चिमेला समुद्रात तेल लागले आणि २१ मे १९७६ रोजी मुंबई हायचे उत्पादन सुरू झाले. बंदराच्या दृष्टीने यात गंमत अशी की तेल आखाताकडून येण्याऐवजी दारातून येऊ लागले. आधी जहाजांतून, मग १९७८पासून समुद्रतळावरच्या नळांतून उरणला आणि ट्रॉम्बेला. जवाहर द्वीपाचे काम त्यामुळे घटेल असे वाटले होते, झाले उलटेच. मुंबई हायचे कच्चे तेल ट्रॉम्बेच्या दोन कारखान्यांना पुरून उरू लागले आणि ते किनाऱ्यावरच्या इतर कारखान्यांना जहाजाने पाठवावे लागले. तेल उतरवण्यासाठी बांधलेले बेट आता तेल भरूही लागले. त्या तेलाची एक खोड होती. ते हलके आणि कमी गंधकाचे, म्हणून उत्तम. पण मेण जास्त. तापमान तीस अंशांच्या खाली उतरू लागले की ते घट्ट व्हायला लागते, आणि मुंबईचा हिवाळा सौम्य असला तरी तेवढा गार असतोच. नळात तेल स्थिर ठेवायचे नाही, गोठणबिंदू उतरवणारे रसायन मिसळायचे, काम संपले की नळ धुऊन काढायचा, हे शिस्तीचे भाग बनले. वाढलेल्या कामासाठी आणि मोठ्या जहाजांसाठी १९८४मध्ये चौथा धक्का झाला.

तरीही मुंबई कधीच अतिविशाल तेलवाहू जहाजांचे बंदर झाले नाही, हे सरळ लिहायला हवे. १९६७मध्ये सुवेझ बंद पडला आणि जगभर जहाजे फुगत गेली. तसले जहाज पूर्ण भरले की त्याला वीस मीटरहून अधिक पाणी लागते. मुंबईच्या वाटेत ओहोटीला साधारण अकरा मीटर. भरती धरली तरी हिशेब जुळत नाही, आणि तळाशी खडक असल्याने खोली वाढवणे ही पैशाची राखरांगोळी ठरली असती. कच्छच्या आखातात वाडिनारला निसर्गतः खोल पाणी होते. १९७८मध्ये तिथे समुद्रातल्या तरंगत्या बोयाला जहाज बांधून तेल उतरवायची सोय झाली, आणि उत्तर भारताचे कच्चे तेल त्या वाटेने जाऊ लागले. मुंबईत जहाजे अर्धवट भरून येतात, किंवा आधी दुसरीकडे भार हलका करून. काहींना ही मुंबईची हार वाटते. मला तसे वाटत नाही. दीड-दोन कोटींच्या वस्तीच्या कुशीत वीस मीटर खोल पाण्याचे तेलबंदर असते, तर पुढच्या गोष्टी याहून भयंकर झाल्या असत्या.

१९७१च्या युद्धात, डिसेंबरात, कराचीतल्या केमारीच्या तेलटाक्या आपल्या नौदलाने पेटवल्या, तेव्हा इकडे टाळ्या वाजल्या. बेटावर त्या रात्री कोणाला टाळ्या सुचल्या असतील असे वाटत नाही. तशाच टाक्या इथेही उघड्यावर होत्या.

आगीचा प्रसंग आला तो युद्धामुळे नव्हे, परतीच्या पावसात. ६ ऑक्टोबर २०१७च्या संध्याकाळी वीज कोसळून बेटावरची डिझेलची टाकी पेटली. धूर शहरातून दिसत होता. अशा आगीत पाणी मारून टाकी विझत नाही. शेजारच्या टाक्यांवर सतत पाण्याचा मारा करून त्या थंड ठेवायच्या, फेस मारायचा, तळातून जितके निघेल तितके डिझेल दुसरीकडे काढायचे आणि उरलेले जळू द्यायचे. विझली असे वाटून आग पुन्हा भडकली. तिसऱ्या दिवसानंतर ती पूर्ण आटोक्यात आली. माणूस दगावला नाही. प्रत्येक टाकीभोवती सगळे तेल मावेल एवढा बांध घालण्याची, दोन टाक्यांत ठरलेले अंतर सोडण्याची जी नियमावली एरवी कटकटीची वाटते, तिचा उपयोग त्या तीन दिवसांत झाला.

तेलगळतीचे मात्र निराळे. मुंबईची सर्वांत गाजलेली गळती तेलवाहू जहाजाची नव्हती. ७ ऑगस्ट २०१० रोजी ‘एमएससी चित्रा’ हे कंटेनर जहाज ‘खलिजिया-३’शी धडकले, कलंडले आणि त्याचे स्वतःचे इंधन समुद्रात सांडले. शेकडो कंटेनर वाटेत तरंगू लागले, मुंबई आणि न्हावा-शेवा या दोन्ही बंदरांची वाहतूक काही दिवस थांबली, आणि मासे खाऊ नका असे सरकारने सांगितल्यावर बाजारात कोळणींच्या टोपल्या तशाच पडून राहिल्या. त्या आधीपासूनच ट्रॉम्बे, माहुल, घारापुरी, मोरा इथल्या कोळ्यांचे म्हणणे एकच होते : डोल लावायची जागा जहाजांच्या वाटेने खाल्ली, आणि जी उरली तिथे जाळ्याला तेलाचे गोळे चिकटतात. बंदराच्या इतिहासात हे अडचणीचे पान आहे. माहुल आणि आंबापाड्याच्या रहिवाशांचे टाक्यांच्या वाफांविरुद्धचे प्रकरण राष्ट्रीय हरित लवादापर्यंत गेले, तेही याच पानावरचे.

न्हावा-शेवा १९८९मध्ये सुरू झाल्यावर गोद्यांतला माल हळूहळू पलीकडे गेला. तेल मात्र हलले नाही, कारण कारखाने आणि नळ इथेच होते. नळांचे जाळे तर जमिनीवर लांबवर पसरत गेले. १९८५मध्ये पुण्याकडे जाणारी वाहिनी झाली, १९९८मध्ये मनमाडची. मनमाडजवळ पानेवाडीच्या डेपोत टँकर भरतात आणि तिथून खानदेश-मराठवाड्यात डिझेल जाते. पीर पावची जुनी जेटी अपुरी पडू लागल्यावर १९९०च्या दशकात तिथे नवा धक्का झाला आणि रसायनांची जहाजे तिकडे वळली. चालू शतकात जवाहर द्वीपावर पाचव्या धक्क्याचे काम हाती घेण्यात आले, चौथ्यापेक्षा मोठ्या जहाजांसाठी.

शिवडी-न्हावाशेवा सेतूची आखणी करताना समुद्रतळावरच्या तेलवाहिन्या आड आल्या. वाहिन्यांच्या आसपास खांब रोवता येत नाहीत, म्हणून त्या भागात लांब अंतराचे पोलादी गाळे बसवावे लागले. सेतूचे उद्घाटन १२ जानेवारी २०२४ला झाले. त्याच्या मुंबईकडच्या टोकाशी शिवडीच्या चिखलात दरवर्षी रोहित पक्षी येतात आणि त्यांना बघायला येणारी गर्दी तेल कंपन्यांच्या जुन्या गोदामांमधून वाट काढत जेटीवर पोचते. १९१०च्या सुमारास वेशीवर असलेली ही जमीन आता शहराच्या ऐन मध्यात आली आहे. बंदराकडच्या सुमारे अठराशे एकरांचे काय करायचे, यावर समित्या बसल्या, अहवाल आले, पूर्व किनाऱ्याच्या विकासाचे नकाशे रंगले. शिवडी आणि वडाळ्याच्या टाक्या हलवायच्या, भाडेपट्टे संपवायचे, तेलाचा साठा जितका जमेल तितका बेटावर न्यायचा, असा एक विचार आहे. कंपन्यांना त्याचा खर्च आणि बेटावरची अपुरी जागा दिसते. हा व्यवहार अजून मिटायचा आहे आणि जुने भाडेपट्टे त्या टेबलावर पडून आहेत.